पाइपवर चढणारे रोबो आणि ०.०८ सेकंदाचं भांडण

लॅबवाली

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होते, आज धागा काढायची वेळ आलीच.

मी एका पॉलिटेक्निकमध्ये शिकवते. आमच्या टेकफेस्टला दरवर्षी लाइन फॉलोअर, म्हणजे जमिनीवरच्या रेषेवरून चालणारा रोबो, असतो, त्याला मुलं कंटाळली म्हणून यंदा पाइपवर चढणारा रोबो ठेवला. चार इंची पीव्हीसी पाइप उभा केला, खाली लाकडी बेस, दोन मीटरवर लाल टेप. रोबो जमिनीवरून निघणार, टेपला टेकला की वेळ संपली. चौदा टीम आल्या, त्यातल्या सहाच वरपर्यंत पोचल्या, बाकीचे अर्ध्यात घसरले, एकाची तर मोटरच जळली, पण मजा आली.

घोळ निकालात झाला. वेळ घ्यायला दोन सर स्टॉपवॉच घेऊन. पहिल्या टीमला एका वॉचवर ८.३१, दुसऱ्यावर ८.५१. दुसऱ्या टीमला ८.४४ आणि ८.५४. सरासरी काढली, ८.४१ आणि ८.४९. म्हणजे ०.०८ सेकंदाने पहिला नंबर. दुसऱ्या टीमची मुलं म्हणतात, मॅडम, तुमच्या दोन सरांच्यातच ०.२० चा फरक आहे आणि तुम्ही आम्हाला ०.०८ ने हरवताय? मला उत्तर सुचलं नाही. खरं सांगायचं तर मला त्यांचं पटलं.

पुढच्या वर्षी हे टायमिंग कसं करावं? बजेट फार नाही. अनुभव असतील तर सांगा.

*

गिअर_घसरला

आधी जागा पकडून ठेवतो. पॉपकॉर्न आणतो.

*

वडापाव_१२व्होल्ट

एवढं काय त्यात. आर्डुइनो (छोटा प्रोग्रॅम करता येणारा बोर्ड) घ्या, खाली एक आयआर, म्हणजे न दिसणाऱ्या इन्फ्रारेड किरणांचा सेन्सर, वर एक आयआर सेन्सर, झालं. पाचशे रुपयांत काम. मुलांकडूनच बनवून घ्या, प्रोजेक्ट म्हणून मार्क द्या.

*

निवृत्त_पीटी

मी पस्तीस वर्षं शाळेत पीटी शिकवलं आणि जिल्हा पातळीवर धावण्याच्या शर्यतींना टायमर म्हणून उभा राहिलो, म्हणून चार शब्द. स्टॉपवॉचला नावं ठेवू नका, ते वापरायची एक पद्धत असते आणि ती तुमच्या सरांनी पाळलेली दिसत नाही.

पहिली गोष्ट, सरासरी कधीच काढायची नाही. तीन टायमर उभे करायचे. दोघांची वेळ जुळली तर ती घ्यायची, तिघांची वेगळी आली तर मधली घ्यायची. दोनच वॉच असतील आणि वेळा वेगळ्या असतील तर जास्तीची, म्हणजे हळू वेळ धरायची. आणि हाताने घेतलेली वेळ शंभरांश सेकंदात जाहीर करायचीच नाही, पुढच्या दशांशावर न्यायची. ८.३१ असेल तरी ८.४ लिहायचं.

आता तुमचेच आकडे घ्या. पहिल्या टीमची हळू वेळ ८.५१, म्हणजे ८.६. दुसऱ्या टीमची ८.५४, म्हणजे तीही ८.६. बाई, तुमची शर्यत बरोबरीत सुटली होती.

*

लॅबवाली

सर!! हे मला त्या दिवशी कुणीतरी सांगायला हवं होतं हो.

*

गिअर_घसरला

पीटी सरांनी तिसऱ्याच प्रतिसादात धागा संपवला. पॉपकॉर्न परत देतो.

*

सोल्डरताई

संपला नाही, आता सुरू होतोय :)

@वडापाव, पाचशे रुपयांचं काम म्हणे. मी हे केलेलं आहे, म्हणून कुठे कुठे फसतं ते सांगते. लांबण लागेल, चहा घेऊन बसा.

एक. पुण्याच्या बुधवार पेठेत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत, आयआर रिसीव्हर मागितला की हातात टीएसओपी १७३८ ठेवतात. तो टीव्हीच्या रिमोटसाठी बनवलेला आहे. रिमोट थांबून थांबून सिग्नल पाठवतो, म्हणून हा रिसीव्हर सतत येणाऱ्या ३८ किलोहर्ट्झच्या सिग्नलला कचरा समजतो आणि थोड्या वेळाने दुर्लक्ष करायला लागतो. म्हणजे बीम (एलईडीपासून रिसीव्हरपर्यंतचा किरण) चालू असताना त्याला वाटतं बीम तुटला. आमची रात्र यात गेली, आम्ही वायरिंग तपासत बसलो, वायरिंग एकदम ठीक होतं. उपाय सोपा, एलईडीला छोटे छोटे झटके द्यायचे, मध्ये गॅप ठेवायची. नाहीतर सतत बीमसाठी वेगळी जात मिळते ती शोधायची.

दोन. लेझर आणि एलडीआर (उजेडाप्रमाणे रोध बदलणारा सेन्सर) कुणी सुचवेल, आत्ताच सांगते, एलडीआर सुस्त असतो. उजेड गेला हे त्याला कळायला वीसतीस मिलिसेकंद लागतात. त्या जागी फोटोट्रान्झिस्टर लावा.

तीन, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं. पाइपच मध्ये उभा आहे! बीम मधून जाऊ शकत नाही, पाइपच्या बाजूने घासून न्यावा लागतो. आणि रोबो जर पाइपच्या एकाच अंगाला चिकटून चढणारा असेल आणि चढताना थोडा फिरला तर तो बीम न तोडताच वर निघून जातो. आमच्याकडे एक रोबो वर पोचून नाचत होता आणि घड्याळ खाली पळतच होतं. दोन्ही बाजूंना दोन बीम लावले तेव्हा कुठे सुटलो.

*

वडापाव_१२व्होल्ट

ताई माघार. पाचशे रुपये परत घेतो.

*

नागपुरी_नट

काय भाऊ, एवढं कशाला करून राहिले. वर एक घंटी बांधा, रोबोनं वाजवली की झालं. देवळात चालते तर टेकफेस्टला काऊन नाही चालत?

*

फर्मवेअर_फकीर

नागपूरकर चेष्टेत बोलले पण मला घंटी पटते. फक्त आवाज करणारी नको, सर्किट तोडणारी हवी. पाइपच्या तोंडावर पुठ्ठ्याची चकती ठेवायची, खाली अॅल्युमिनियम फॉइलचे दोन तुकडे, चकती बसलेली असेल तर सर्किट बंद. रोबोने चकती जराशी उचलली की सर्किट तुटलं आणि वेळ थांबली. रोबो पाइपच्या कुठल्याही अंगाला असो, फरक पडत नाही. खर्च शून्य.

खालीही तेच. रोबो एका मायक्रोस्विचवर बसवायचा. तो उचलला गेला की वेळ सुरू. म्हणजे शिट्टी, सरांचा अंगठा, मुलाचा अंगठा, सगळं बाद. माणसाने बघून बटण दाबायचं म्हटलं की पाव सेकंदाच्या आसपास जातातच, आणि ते प्रत्येकाचे वेगळे. मॅडमच्या दोन सरांमधला ०.२० तिथूनच आला असणार. निघताना शिट्टी ऐकून दाबायचं आणि शेवटी बघून दाबायचं, ही दोन वेगळी कामं आहेत. वर बघताना माणूस आधीच अंदाज बांधतो, रोबो टेकायच्या आतच अंगठा दाबला जातो.

*

बॅकबेंचर_०७

स्विच बाउन्सचं काय, म्हणजे स्विच एकदाच हलला तरी संपर्क थरथरून अनेकदा जुळतो-तुटतो त्याचं? डीबाउन्सला, म्हणजे ते टाळायला, डीले टाकावाच लागतो ना, पन्नास मिलिसेकंद तरी?

*

फर्मवेअर_फकीर

नाही टाकायचा! हीच चूक सगळे करतात. बटण मोजायचं असेल, म्हणजे किती वेळा दाबलं, तेव्हा बाउन्सचा त्रास. आपल्याला फक्त पहिल्यांदा कधी तुटलं एवढंच हवंय. पहिल्या कडेला, म्हणजे सर्किट पहिल्यांदा तुटताक्षणी, इंटरप्टमध्ये (चिप हातातलं काम सोडून लगेच दखल घेते ती सोय) वेळ टिपायची आणि नंतर जे काय थरथरेल ते सोडून द्यायचं. लूपमध्ये डीले ठेवून पिन वाचत बसलात तर तुमचा डीलेच तुमची चूक.

आणि मिलिसेकंद मोजणाऱ्या मिलिस फंक्शनची जागा मायक्रोसेकंद मोजणाऱ्या मायक्रोसला द्या. आर्डुइनो उनोवर मायक्रोस चार मायक्रोसेकंदाच्या पायरीने वाढतो, आपल्याला उदंड झालं.

*

सोल्डरताई

फकीरबुवा, एक गंमत विसरलात. उनोच्या मुख्य चिपला वेळेचे ठोके द्यायला क्वार्ट्झ क्रिस्टल नसतो, सिरॅमिक रेझोनेटर असतो. त्याची अचूकता अर्ध्या टक्क्याच्या घरातली. आठ सेकंदांत अर्धा टक्का म्हणजे ०.०४ सेकंद. डिस्प्लेवर तुम्ही मायक्रोसेकंद दाखवणार आणि दुसऱ्या दशांशापासूनच तो शंकास्पद.

*

फर्मवेअर_फकीर

मान्य, पण तो चुकला तरी सगळ्यांसाठी सारखाच चुकतो ना. एकच बोर्ड, एकच दुपार. नंबर बदलत नाहीत, फक्त विक्रम म्हणून दुसऱ्या कॉलेजशी तुलना करू नका. दोन पाइपला दोन वेगळे बोर्ड लावले तर मात्र बोंब.

*

सोल्डरताई

हो, ते बरोबर.

*

कोंकणी_माड

माझ्या वाडीत माडावर चढणारा पाडेली अजून आहे, साठीचा माणूस, पायात दोरीचं वेढं घालून वर जातो ते बघताना तुमच्या रोबोंची आठवण झाली. त्याला एकदा माझ्या पोराने मोबाइलवर टायमर लावला. तो वरून ओरडला, "मेल्या, नारळ मोज, वेळ कसली मोजतंस!"

अवांतराबद्दल क्षमस्व.

*

गिअर_घसरला

अवांतर कसलं, हा आतापर्यंतचा सर्वोत्तम प्रतिसाद आहे.

*

मल्लखांबप्रेमी

खांबाचा विषय निघाला आणि मल्लखांब नाही, असं कसं चालेल? आम्ही खांबाला एरंडेल लावायचो, अंग घासलं जाऊ नये म्हणून, पण बेताचं. नवीन पोरं जास्त लावायची आणि मग धबाधब खाली. मुद्दा असा की खांब दर उडीनंतर बदलतो. पहिल्या खेळाडूचा खांब आणि दहाव्याचा खांब एक नसतो. तुमच्या पाइपचंही तेच होत असणार, रबरी चाकं घासून घासून. पहिल्या क्रमांकाच्या टीमला पाइप कोरा मिळाला असेल आणि दुसरीला पाच रोबोंनी घासलेला, तर ०.०८ चं काय घेऊन बसलात?

*

लॅबवाली

हे तर डोक्यातच आलं नव्हतं. उलट झालं होतं, पहिली आलेली टीम नंतर चढली. पाइपवर काळे पट्टे उठले होते हे मात्र खरं.

*

बॅकबेंचर_०७

दर रनआधी ओल्या फडक्याने पुसा, सुकू द्या. आणि प्रत्येकाला तीन संधी देऊन सर्वोत्तम वेळ धरा, क्रम चिठ्ठीने. आमच्या कॉलेजात तीन संधी असतात, पण तिसऱ्या वेळेपर्यंत सगळ्यांच्या बॅटरीने मान टाकलेली असते.

*

डेट्रॉइटची_आई

माझी मुलगी इथे शाळेच्या रोबोटिक्स टीममध्ये आहे, डीन केमन यांनी सुरू केलेली ती फर्स्ट नावाची स्पर्धा. २०२२ च्या खेळात शेवटी रोबोने बारला लटकायचं होतं, चार बार, एकापेक्षा एक उंच. त्यांनी चढायला किती वेळ लागला हे मोजलंच नाही! मॅच संपली तेव्हा कुठल्या बारला लटकलाय त्यावर ४, ६, १० किंवा १५ गुण. भांडणाला जागाच नाही. तुमचे चौदापैकी आठ रोबो वर पोचलेच नाहीत म्हणता, मग त्या आठांना काय मिळालं? शून्य? त्यांनी कुठपर्यंत मजल मारली ते मोजून गुण दिले असते तर पोरांना बरं वाटलं असतं.

*

लॅबवाली

शून्यच मिळालं. एक टीम तर १८० सेंटिमीटरपर्यंत गेली होती, ती मुलगी रडली. हे पुढच्या वर्षी नक्की बदलणार.

*

बालेवाडीचा_स्वयंसेवक

एबीयू रोबोकॉन, म्हणजे आशिया-पॅसिफिकमधल्या कॉलेजांची रोबो स्पर्धा, आपल्या पुण्यात दोनदा झालीय, कितींना आठवतं? २००८ ला थीम होती दहीहंडी, पूर्ण कामगिरी केली की "गोविंदा" जाहीर व्हायचा. २०१४ ला थीम आई-वडील आणि मूल, मोठा रोबो छोट्या रोबोला सीसॉ, झोका आणि शेवटी जंगल जिमवर चढवायचा, सगळं झालं की "शाब्बास". २०१४ ला व्हिएतनामची लाक होंग युनिव्हर्सिटी जिंकली. मी तेव्हा दारावर पास तपासत होतो, पण आत डोकावून बघितलंच. छोटा रोबो जिमवर चढताना अख्खं स्टेडियम श्वास रोखून.

तिथे दोन टीम समोरासमोर असतात, तीन मिनिटांची मॅच. ज्याचं आधी पूर्ण होईल तो जिंकला, डोळ्यांना दिसतं. तुम्हीही दोन पाइप शेजारी शेजारी उभे करा आणि नॉकआउट घ्या. शंभरांश सेकंदाची कटकटच नको.

*

भिंतीवरची_पाल

दोन पाइपच्या सूचनेला अर्धा पाठिंबा. मी हौशी क्लायंबर आहे, ऑलिंपिकमधलं स्पीड क्लायंबिंग असंच असतं. १५ मीटरची भिंत, पाच अंश पुढे झुकलेली, दोन लेन, दोघं एकदम सुटतात, वर पॅडवर हात मारला की वेळ थांबते. पॅरिसला २०२४ मध्ये पुरुषांचं सुवर्ण ४.७५ सेकंदांत गेलं. आणि बझरनंतर ०.१ सेकंदाच्या आत हललात तर फॉल्स स्टार्ट, कारण तेवढ्यात माणूस आवाज ऐकून हलूच शकत नाही, म्हणजे त्याने अंदाज मारला.

पण तिथे भिंतीवरचा प्रत्येक होल्ड (धरायचा खुंटा) जगभर सारख्याच जागी बसवलेला असतो. तुमचे दोन पाइप हार्डवेअरच्या दुकानातले. एक जरासा वाकडा असेल, एकाचा बेस हलत असेल. म्हणून दोनदा पळवा, पाइप बदलून, आणि दोन्ही वेळांची बेरीज करा.

*

आकडेमोड्या

सगळे सेन्सरवर बोलताहेत, मला वाटतं रोग दुसरीकडे आहे. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकची गोष्ट सांगतो. पोहण्याची ४०० मीटर वैयक्तिक मेडले शर्यत, स्वीडनचा गुनार लार्सन ४ मिनिटं ३१.९८१, अमेरिकेचा टिम मॅकी ४ मिनिटं ३१.९८३. ०.००२ सेकंदाने सुवर्ण गेलं. घड्याळ बरोबर होतं! पण त्या वेगाने ०.००२ सेकंद म्हणजे तीन मिलिमीटर, आणि तलावाच्या दोन लेन बांधकामात त्याहून जास्त फरकाच्या असू शकतात. त्यानंतर पोहण्यात हजारांश सोडून शंभरांशावर आले, आणि शंभरांशापर्यंत वेळ सारखी असेल तर दोघांना पदक.

आता मॅडमचा रोबो. दोन मीटर, साडेआठ सेकंद, म्हणजे सेकंदाला चोवीसेक सेंटिमीटर. ०.०८ सेकंद म्हणजे जेमतेम दोन सेंटिमीटर. प्रश्न असा की तुमची लाल टेप किती रुंद होती?

*

लॅबवाली

...

दोन सेंटिमीटर.

*

गिअर_घसरला

हाहाहाहा. खुर्चीवरून पडलो.

*

नागपुरी_नट

टेपच्या खालच्या कडेला टेकला का वरच्या, तेही विचारा बे कोणी!

*

आकडेमोड्या

तेच विचारणार होतो. आणि टेपला रोबोचा कुठला भाग टेकायचा? शेंडा, चाक, का अख्खा रोबो टेपच्या वर जायचा?

*

लॅबवाली

नियमात एवढंच लिहिलं होतं की रोबो टेपला टेकला पाहिजे. आम्ही शेंडा धरला. खालची कड का वरची ते दोन्ही सरांनी आपापलं ठरवलं असणार, आता विचारायची हिंमत नाही.

*

दुसरी_टीम

नमस्कार. आम्हीच ती हरलेली टीम. मित्राने लिंक पाठवली. मॅडम, तुम्ही आमची बाजू मांडलीत त्याबद्दल थँक्यू. पीटी सरांना साष्टांग नमस्कार. आमचं म्हणणं पहिल्यापासून हेच होतं की बरोबरी द्या.

माहितीसाठी सांगतो, आमचा रोबो एन२० (छोट्या गिअरवाल्या) मोटरवाला, सहा चाकं, स्प्रिंगने पाइपला आवळणारा, उंची ३१ सेंटिमीटर. त्यांचा छोटा होता, १९ सेंटिमीटर, डबीसारखा बनवलेला. आमचं वजन जास्त असूनही आम्ही त्यांच्या बरोबरीने आलो, हे कुणी लक्षात घेतलं नाही.

*

आकडेमोड्या

अरे थांब. दोन्ही रोबो जमिनीवरून निघाले ना? आणि शेंडा टेपला टेकला की संपलं?

*

दुसरी_टीम

हो.

*

आकडेमोड्या

म्हणजे तुमचा शेंडा सुरुवातीलाच ३१ सेंटिमीटरवर होता. तुम्ही चढलात १६९. ते चढले १८१. बारा सेंटिमीटर तुम्हाला फुकट मिळाले, त्या वेगाने अर्ध्या सेकंदाहून जास्त.

*

दुसरी_टीम

...मी गप्प बसतो.

*

गिअर_घसरला

पॉपकॉर्न परत आणले. कुणाला हवेत?

*

निवृत्त_पीटी

पोरा, गप्प बसू नकोस. आकडे तू स्वतः दिलेस, लपवले नाहीस. आमच्या वेळी मुलं धावपट्टीच्या रेषेवर अंगठा पुढे सरकवायची आणि शपथ घ्यायची.

*

फर्मवेअर_फकीर

यात माझी चकतीची आयडियाही गेली, कारण चकतीला शेंडाच लागणार. आता वेगळं सुचतंय. आयोजकांनी सारख्या मापाचा पुठ्ठ्याचा एक झेंडा कापायचा आणि प्रत्येक रोबोला बाहेर आलेला असा चिकटवायचा. खाली ४० सेंटिमीटरवर एक बीम, वर २४० वर दुसरा. दोन्ही बीम तोच झेंडा तोडणार. रोबो उंच असो, बुटका असो, झेंडा बरोबर दोनच मीटर चढतो. झेंडा पाइपपासून लांब असल्याने बीमच्या मध्ये पाइप येण्याचा सोल्डरताईंचा घोळही निम्मा मिटतो.

*

सोल्डरताई

झेंडा मस्त. पण फिरणारा रोबो झेंडाही फिरवणार, तेव्हा दोन बीम ठेवाच.

*

भिंतीवरची_पाल

आणि ४० सेंटिमीटरची धाव फुकट? जमिनीवरून उचलून वेग घेणं हेच तर अवघड काम आहे, जड रोबोचा दम तिथेच निघतो. ते मोजायचंच नाही म्हटलं तर मोठी मोटर आणि जड बॅटरी लावणाऱ्यांना सोपं जाईल.

*

फर्मवेअर_फकीर

मग वजनाची मर्यादा ठेवा.

*

भिंतीवरची_पाल

वजनाची मर्यादा ठेवली तरी थांबलेल्या अवस्थेतून निघणं आणि पळत येऊन रेषा ओलांडणं यात फरक राहतोच. मला नाही पटत.

*

बॅकबेंचर_०७

मोबाइलवर स्लो मोशन शूट केलं तर? २४० फ्रेमचा म्हणजे एक फ्रेम चार मिलिसेकंदांची. सेन्सर चुकला तर पुरावा हाताशी.

*

सोल्डरताई

पुरावा म्हणून चांगलं, पण फ्रेम मोजून वेळ काढायला फसवं. हॉलमध्ये उजेड कमी झाला की बरेच फोन गुपचूप फ्रेम कमी करतात. आणि डिजिटल घड्याळ फ्रेममध्ये धराल तर आकडे अर्धवट दिसतील, ते डिस्प्ले एकेक आकडा आळीपाळीने पेटवतात. सुरुवातीच्या बीमबरोबर पेटणारा एक साधा एलईडी फ्रेममध्ये ठेवा, तेवढं पुरे.

*

लॅबवाली

खूप आभार सगळ्यांचे. आज आमच्या एचओडींशी बोलले. आत्तापुरतं ठरलेलं: झेंडा, खाली-वर दोन-दोन बीम, तीन संधी, दर वेळी पाइप पुसायचा, आणि जे वर पोचत नाहीत त्यांना उंचीचे गुण. वेळ दशांशापर्यंतच जाहीर करणार आणि दशांश सारखा आला तर बरोबरी, बक्षीस वाटून. खालचा बीम ४० वर ठेवायचा का बुडाशी, यावर पालताई आणि फकीर यांचं भांडण मी स्टाफरूममध्ये जसंच्या तसं सांगितलं, तिथेही दोन तट पडले.

आणि टेप बदलली, मांजाचा दोरा बांधणार आहे.

*

कोंकणी_माड

नारळ मोजा हो मॅडम, नारळ.

*

दुसरी_टीम

मॅडम, यंदाच्या निकालाबद्दल आता काही म्हणणं नाही. फक्त एक विचारायचं होतं, रविवारी लॅब उघडी असते का? रोबोची उंची कमी करतोय, १९ च्या खाली आणायचा विचार आहे. पहिल्या टीममधला एक जण पण येतो म्हणतोय मदतीला.